माळवदाच्या घराला स्लॅबची घरपट्टी लावली, हरकत कशी घ्यायची?

गिरणीवाल्यांचा धाकटा

नमस्कार मंडळी. मी चाकणला नोकरीला आहे. घर मराठवाड्यातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत, जुन्या गावठाणात. घरी आई एकटीच असते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "नगरपालिकेचा माणूस कागद देऊन गेला, सहा हजार लिहिलंय, लाइटबिल आहे का रे?" शेजारच्या पोराकडून फोटो मागवला. लाइटबिल नाही, घरपट्टी. गेल्या वर्षी १,८७० रुपये होती, आता ६,४१२.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. पुढं रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली, तिथं वडिलांची पिठाची गिरणी होती. वडील २०१६ ला गेले, त्याच वर्षी गिरणी विकली. आता तिथं माझी सायकल आणि आईची ज्वारीची पोती. मागं चार खांबांवर पत्रा टाकलाय, भिंती नाहीत, खाली जळण.

नोटिशीत लिहिलंय: बांधकाम आरसीसी, निवासी ७८ चौ. मी., बिगरनिवासी १६ चौ. मी., करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर बसतो ती) १८,७०६.

मोजायला कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाली दिवाळीच्या आधी दोन पोरं आली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात लाल ठिपक्याचं यंत्र. भिंतीवर ठिपका पाडायचा, मोबाईलमध्ये आकडा टाकायचा. तिनं चहा केला त्यांना. "चांगली होती बिचारी" म्हणते. दारासमोरून फोटो काढला की गेली पुढच्या घरी. मान वर करून छत एकानंही बघितलं नाही. पुढच्या भिंतीला २०१९ मध्ये मीच सिमेंटचा गिलावा करून पिवळा रंग दिला होता. त्या फोटोवरनंच स्लॅब ठरला असणार, हौस नडली.

कचेरीबाहेर एकजण ८०० रुपयांत "सगळं करून देतो" म्हणतोय. त्याच्याकडं द्यावं का स्वतः अर्ज करावा? नोटीस आजोबांच्या नावानं आहे, ते १९९४ ला वारले. मी अर्ज केला तर चालेल का?

निवृत्त वसुली लिपिक

तीस वर्षं हेच केलं, म्हणून लिहितो. ८०० रुपये घालवू नका.

ही चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आहे. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमात तशी तरतूदच आहे. आत्ता तुमच्या हातात बिल नाही, नोटीस आहे, हे आधी लक्षात घ्या. तिच्यावर हरकतीची शेवटची तारीख छापलेली असेल, ती चुकवू नका. हरकतीला पैसे भरावे लागत नाहीत. एकदा आकारणी कायम झाली आणि बिल निघालं की मग अपील, आणि अपिलाला जायचं तर बिलाची रक्कम आधी भरून जावं लागतं. लोक इथंच फसतात. नोटीस फडताळात ठेवतात आणि बिल आल्यावर भांडायला येतात.

नोटिशीत कराचे रकाने असतील तर रोजगार हमी कराचा बघा. तो कर फक्त बिगरनिवासीला लागतो. तिथं आकडा असेल तर तुमची गिरणी कागदावर अजून दळतेय.

अर्ज साधा लिहा. तीनच मुद्दे, तीन स्वतंत्र परिच्छेद: छत, गिरणी, मागचं शेड. छताचे फोटो आतून काढा, तुळया दिसल्या पाहिजेत. गिरणीचं मीटर कायमचं बंद केल्याचा कागद महावितरणकडून घ्या. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणतील. हलायचं नाही.

नावाचं म्हणाल तर वारस म्हणून अर्ज चालतो, आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडा. वारस नोंद हे वेगळं प्रकरण आहे, तिची फी वेगळी, ते यात मिसळू नका. आणि कर आकारणीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नका. त्यावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

चौकातला

कशाला डोकं लावताय दादा. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी, गटार तुंबलेलं, आणि पट्टी मात्र पुण्यासारखी. मी तर भरणारच नाही. होऊन होऊन काय होईल?

निवृत्त वसुली लिपिक

होऊन होऊन दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, होईल. वर्षाला चोवीस. पाण्याची तक्रार खरी आहे, ती वेगळी करा.

हिशेबी बाई

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराचं उत्पन्न वाढलेलं दाखवा अशी अट घातली. त्यामुळं प्रत्येक गावात सर्वेक्षण, नव्यानं मोजणी हे सुरू झालं. आमच्या गल्लीत तीन मजली घरं वीस वर्षं एका मजल्याची पट्टी भरत होती, ती सापडली याचा मला आनंदच आहे. पण चूक ती चूक. आमचा उघडा ओटा खोली म्हणून धरला होता. सुनावणीला अधिकाऱ्यांसमोर दोन मिनिटं मिळाली, फोटो दाखवला, ओटा कमी झाला. एवढंच सांगते, भाषण करू नका. माझ्या पुढचे आजोबा १९७२ च्या दुष्काळापासून सुरू झाले आणि त्यांचं मूळ राहूनच गेलं.

आणि घरात कुणी माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी असेल तर माफीची योजना आहे, तेही बघून घ्या.

गिरणीवाल्यांचा धाकटा

काका, ताई, आभार. आमच्यात सैनिक कुणी नाही. रोजगार हमी कराच्या रकान्यात आकडा आहे. काका, तुम्ही म्हणालात तेच.

कचेरीतल्या फळ्यावर आमच्या विभागाचे दर लावलेत, दरमहा दर चौ. मी.: आरसीसी १४ रुपये, पत्रा ९, दगडमाती ७, दुकान-गिरणी ४०. एसटीत बसून हिशेब केला. त्यांचा असा: ७८ गुणिले १४, १६ गुणिले ४०, बारा महिन्यांचे झाले २०,७८४. दुरुस्तीचे दहा टक्के वजा, १८,७०६. बरोबर जुळलं. माझा असा: माळवद ६४ मीटर सातनं, पुढची खोली १६ मीटर नऊनं, वर्षाचे ७,१०४, दहा टक्के वजा जाता ६,३९४. म्हणजे जवळपास तिप्पट धरलंय. हा हिशेबही अर्जाला जोडला. शिक्का घेतला. खिडकीवरचा म्हणालाच, "ठेवून जा."

गिरणीवाल्यांचा धाकटा (दीड महिन्यानं)

काय झालं ते सांगायला आलो. सुनावणीत साहेबांनी फोटो बघितले आणि जागेवर जाऊन पाहणी करा असा शेरा मारला. मीटरचा कागद बघून गिरणी तिथंच निवासी केली. चार दिवसांनी कर निरीक्षक घरी आले. मी रजा काढून थांबलो होतो. ते आतून तुळया बघून परत निघाले होते, मीच म्हटलं, वर चला. शिडीनं चढले, तर आई खालून ओरडली, "चपला काढा, कुरडया घातल्यात!" माणूस अनवाणी, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या मातीवर, कुरडयांच्या धोतराच्या कडेकडेनं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत फोटो काढत होता. खाली आल्यावर वहीत 'माळवद' लिहिलं आणि पाणी मागितलं.

मागचं शेड मात्र सोडलं नाही. भिंती नसल्या तरी पत्रा आहे म्हणाले, १४ मीटर धरणार. काका, यावर अपील करण्यात अर्थ आहे का?

निवृत्त वसुली लिपिक

१४ मीटरला नऊचा दर लावून वर्षाचा कर काढा आणि अपिलासाठी प्रांत कचेरीच्या दोन खेपांचं एसटी भाडं काढा. मग ठरवा. आणि बिल हातात आलं की छताचा रकाना पुन्हा वाचा. वहीतलं माळवद संगणकात जाईपर्यंत आरसीसी झालेलं मी पाहिलंय.