रिटायर पोस्टमन बाबांसाठी नागपूरचं सीजीएचएस कार्ड काढावं काय?

आर्णीकर: बाबा पोस्टमन होते. पेन्शनसोबत महिन्याला १००० रुपये मेडिकल भत्ता येते. गावात निस्तं उपकेंद्र हाय. आईचे गुडघे पार गेले, डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं. यवतमाळात सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना, नाई. नागपूरचं कार्ड भेटन काय? भत्ता जाईन काय? अन् २७ वर्षांच्या भावाचं नाव टाकता येते का?

जुना सॉर्टर: भेटते. पे लेव्हल (पगाराची पातळी) ५ पर्यंत महिन्याला २५० रुपये वर्गणी. एकदाच १२० महिन्यांचे, म्हणजे ३०,००० भरले की आयुष्यभराचं कार्ड. आईचं नाव त्यातच येते.

वर्धेची ताई: भावाचं विसरा दादा. मुलगा २५ वर्षं, लग्न किंवा कमाई, जे आधी होईल तिथवरच. अपंग असेल तर गोष्ट वेगळी. मुलीला वयाची अट नाही, फक्त लग्न न झालेली (किंवा विधवा, घटस्फोटित), न कमावती पाहिजे.

आर्णीकर: अन् भत्त्याचं?

जुना सॉर्टर: कार्ड फक्त भरती होऊन उपचारासाठी घ्या, भत्ता चालू राहते. ओपीडीची औषधं मंग त्या हजारातूनच. गोळ्यांसाठी नागपूरले कोण जाते बाप्पा! अर्जात तसं साफ लिहा.