डाव्या कानात आत्या, उजव्या कानात नुसता घुमारा – इनपुट बसमध्ये काय घोळ घातलाय मी?

डावा_कान:
नमस्कार मंडळी. धायरीत बेडरूममध्ये रेकॉर्डिंग करतोय, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक आणि मित्राच्या लॅपटॉपवर क्युबेस प्रो हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. आत्याचे पाच अभंग पालख्या पुण्यात यायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकायचेत. आत्या कोरड्या, बिनघुमाऱ्याच्या आवाजात गायला तयारच नाही, म्हणाली यापेक्षा माझ्या बाथरूममध्ये बरं वाटतं, म्हणून मिक्सरमध्ये ते इनपुटचं वेगळं चॅनल दिसतं ना त्याच्या इन्सर्टमध्ये (इफेक्ट लावायच्या खाचेत) रिव्हर्ब, म्हणजे घुमाऱ्याचा इफेक्ट, टाकला, ती खूश, मी खूश, दोन अभंग एका दमात झाले. रात्री हेडफोन लावून ऐकतो तर डावीकडे आत्या आणि उजवीकडे विहिरीतून येतोय असा फक्त घुमारा. रिव्हर्ब बंद केला तरी जात नाही, ट्रॅकच्या इन्सर्टमध्ये तर काहीच दिसत नाहीये. आधी वाटलं तापकीर गल्लीतून आणलेली हेडफोनची पिन गंडली, पण मोबाइलवर पण तेच. आता काढू कसा हा?

खरजातला_सा:
निघणार नाही. वाईट वाटतंय सांगायला पण परत गाऊन घ्या.

झालंय असं की माइकचा आवाज इंटरफेसमधून आधी इनपुट बसमध्ये (तुम्हाला दिसलेलं इनपुटचं चॅनल ते हेच) येतो, तिथून ट्रॅकवर जातो आणि मग फाइल लिहिली जाते. तुम्ही रिव्हर्ब बसवर लावलात म्हणजे फाइल लिहायच्या आधीच तो आवाजात कालवला गेला. कणकेत मीठ जास्त पडलं की मळल्यावर काय करणार! ट्रॅकच्या इन्सर्टमध्ये लावला असता तर ऐकू तसाच आला असता पण फाइल कोरडी राहिली असती.

डाव्या कानाचं कारण वेगळं. तुमची बस स्टिरिओ आहे, म्हणजे सॉकेट 1 डावा आणि सॉकेट 2 उजवा. माइक 1 मध्ये, म्हणून आत्या डावीकडे. रिव्हर्ब स्टिरिओ होता त्यामुळे त्याने उजवीकडेपण शेपूट सोडलं. उजवं डावीकडून वजा करू वगैरे डोक्यात आलं असेल तर सोडून द्या, दोन्हीकडचा घुमारा सारखा नसतो.

आता नीट करायचं तर एफ4 दाबा, उघडलेल्या खिडकीत इनपुट्समध्ये मोनो बस अॅड करा, तिला सॉकेट 1 द्या, नवा मोनो ट्रॅक घेऊन त्याला ही बस जोडा. रिव्हर्बसाठी वेगळं एफएक्स (इफेक्टचं) चॅनल काढा, त्यात रिव्हर्बचा मिक्स 100 टक्के ओला, म्हणजे फक्त घुमारा, ठेवा आणि आत्याच्या ट्रॅकवरून सेंडने (ट्रॅकवरून फोडलेल्या जोडवाटेने) हवा तेवढा आवाज तिकडे पाठवा. शंभर टक्के का, तर कोरडा आवाज ट्रॅकवरून येतोच आहे, रिव्हर्बमधून परत कोरडा कशाला पाठवायचा? पुढे हार्मोनियमलाही त्याच चॅनलवर थोडं पाठवता येईल, म्हणजे दोघं एकाच देवळात बसल्यासारखी वाटतील.

रीपरवाला_काका:
रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येपण हाच खड्डा आहे बरं का, फक्त नाव वेगळं. ट्रॅकचं नेहमीचं एफएक्स बटण फाइलला हात लावत नाही (रेकॉर्ड मोड आउटपुटवर नसेल तर), पण रेकॉर्डच्या बटणाशेजारी इनपुट एफएक्स असतं तिथे जे टाकाल ते कायमचं छापलं जातं. मी एकदा तिथे पिच दुरुस्त करणारं प्लगइन विसरलो होतो, भाच्याचा अख्खा यमन यंत्रमानवाने गायल्यासारखा झाला. तो अजून बोलत नाही नीट.

पेठेतला_पखवाज:
मी मात्र इनपुटवर हलका कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा इफेक्ट) लावतो आणि लावणार. सगळं नंतर ठरवू म्हणणाऱ्यांची मिक्सिंगं वर्षभर संपत नाहीत. रिव्हर्ब नको हे मान्य. पण एक लक्षात ठेवा, बसवरचा कंप्रेसर फाटलेला आवाज शिवत नाही, तो फाटतो इंटरफेसच्या आत, बसच्या आधीच. गेन (माइकचा आवाज वाढवणारी नॉब) कमी ठेवा, 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचं शिखर उणे 12 डीबीच्या आसपास असलं तरी भरपूर झालं.

डावा_कान:
सगळं केलं, आवाज मधोमध आला, धन्यवाद! पण आता आत्या म्हणते माझ्यामागून कोणीतरी वेडावतंय, दोन-दोन आवाज येतात. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती तुकडे साठवून घेतो तो आकडा) 512 आहे, 128 केला की लॅपटॉप पापड भाजल्यासारखा तडतडतो.

खरजातला_सा:
दोन आवाज कारण एक इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, लॅपटॉपला न जाता, थेट हेडफोनमध्ये येतोय आणि दुसरा लॅपटॉप फिरून. 48 किलोहर्ट्झला 512 सॅम्पल म्हणजे साधारण 10.7 मिलिसेकंद, जाऊन-येऊन 21 च्या वर, गायकाला ते टोचणारच.

बफर राहू द्या तसाच. इंटरफेसवरची डायरेक्टची नॉब चालू ठेवा, सॉफ्टवेअरमधली डायरेक्ट मॉनिटरिंगची टिक काढा, ट्रॅकचं मॉनिटर बटण चालू. मग सेंडवर राइट क्लिक करून तो प्री-फेडर करा आणि ट्रॅकचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) पार तळाला ओढा. साधा सेंड फेडरच्या नंतरचा असतो, फेडर पाडला की रिव्हर्बपण जातो, प्री-फेडर सेंड फेडरच्या आधीच निसटतो. म्हणजे आत्याला स्वतःचा कोरडा आवाज थेट इंटरफेसमधून आणि लॅपटॉपमधून फक्त घुमारा. तो 20 मिलिसेकंद उशिरा आला तर कोणाला कळतंय, खऱ्या देवळातही भिंतीवर आपटून उशिराच येतो. म्यूट मात्र दाबू नका, त्याने प्री-फेडर सेंडही बंद पडू शकतो. फेडर पाडल्याने रेकॉर्डिंगला काही होत नाही, फाइल त्याच्या आधीच लिहिली जाते.

डावा_कान:
झालं!! आत्या डोळे मिटून गायली, फाइल उघडून बघितली तर एकदम कोरडी. फक्त दुसऱ्या अंतऱ्यात शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आलीये.

पेठेतला_पखवाज:
शिट्टी कोरडी आली का रिव्हर्बसकट?

डावा_कान:
कोरडी. पंचमाच्या जरा वर लागलीये.