थांबायला सांगणाऱ्यांनी आधी पेन्शनचं पासबुक दाखवावं

रात्रपाळी
परवा 'जुना इंदुरी' यांनी एक लेख टाकला. वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: नवी पिढी नुसती पळते आहे, पगार वाढले पण चेहरे सुकले, प्रमोशन-पॅकेज-फ्लॅटच्या नादात आजचा दिवस कुणी जगत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी राजवाड्यासमोर जाऊन बसावं, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खावा आणि 'आहे ते पुष्कळ आहे' म्हणावं. खाली हात जोडलेल्या चित्रांचा खच पडलाय. तिथेच उत्तर देणार होते, पण राग लांबला, म्हणून वेगळा धागा.

काका, राजवाडा मलाही आवडतो. पण तुम्ही तिथे टेकता तेव्हा मी सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसकडे निघालेली असते, कारण अमेरिकेची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. सराफ्यातल्या पेढ्या बंद होऊन शेगड्या पेटतात तेव्हा माझी दुसरी मीटिंग चालू असते. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला काढलं. गुणी मुलगा, कसली हाव नाही. त्यालाही आहे ते पुष्कळच होतं, फक्त ते उरलं नाही. मला घराचा हप्ता आहे, सासऱ्यांचं डायलिसिस आहे, मुलीची फी आहे. यातलं कोणतं 'यशामागे धावणं' ते सांगा, उद्यापासून बंद करते.

आणि तुम्ही जिथे निवांत बसता ती जागा पहाटे कुणीतरी झाडून गेलेलं असतं. 2017 पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर लागत आला, तो शहर आहे त्यात सुखी होतं म्हणून नव्हे. आधीच्या कचरापेट्या आठवतात ना? नंबराचा हट्ट धरला म्हणून त्या गेल्या. तुमच्या समाधानाखाली दुसऱ्याची धावपळ अंथरलेली आहे, एवढं लक्षात ठेवून लिहीत जा.

गराडू
सेव-परमल घेऊन बसलो आहे. येऊ द्या.

जुना इंदुरी
ताई, पेन्शन आहे, लपवत नाही. पण तुम्ही जे लिहिलंत ते पोटापाण्याचं झालं, त्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर होता आमचा पुतण्या. तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, आता बायपासला व्हिला हवा. वडिलांच्या वर्षश्राद्धाला पानं वाढलेली आणि हा फोन कानाला लावून गच्चीवर. त्याला कोण काढणार होतं? कंपनी त्याचीच आहे!

देवास इथून तासाभराच्या वाटेवर. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन तिथे आले. काही वर्षं गाणं बंद. पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि ते ऐकणं पुढे त्यांच्या गाण्यात उतरलं. तेव्हा त्यांना कुणी 'या तिमाहीचं टार्गेट काय' असं विचारलं असतं तर?

आकडेमोड
काकांशी सहमत. 1978 मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्यांचा अभ्यास केला होता. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती. मन सरावतं आणि पुढचं मागायला लागतं.

गराडू
किती जण होते त्यात?

आकडेमोड
लॉटरीवाले 22.

गराडू
भिया, भंवरकुआंच्या एकेका होस्टेलात याहून जास्त पोरं पीएससीची तयारी करतात. त्यांना विचारून येऊ?

रात्रपाळी
काका, कुमारजी देवासला 'वर्तमानात जगायला' गेले नव्हते, फुप्फुस गेलं म्हणून गेले. उठले ते स्ट्रेप्टोमायसिनमुळे. ते 1943 मध्ये सापडलं, आणि सापडलं ते प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळत बसणाऱ्यांना, ओट्यावर बसणाऱ्यांना नाही. शुश्रूषा केली भानुमतीबाईंनी. इथेही समाधान एकाचं आणि धावपळ इतरांची.

जुना इंदुरी
गाणं बंद पडलेल्या गवयाला समाधान होतं असं मी कुठे म्हटलं? ऐकत राहिले म्हटलं. तुम्हाला भांडायचंच असेल तर प्रश्न नाही.

पागनीसपागा
पेन्शनचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी सरकारी शाळेत शिक्षक. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. माझ्या शेजारी बसणारे सर त्याआधी लागले. तेच वर्ग, तोच खडू, तीच निवडणूक ड्युटी. निवृत्त झाल्यावर त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मे, वर महागाई भत्ता. मला बाजार देईल ते. मधल्या सुट्टीत सर डबा खाऊन डुलकी काढतात, मी मोबाइलवर एनएव्ही, म्हणजे पेन्शन फंडाच्या युनिटचा भाव, बघतो. आमच्या शाळेत समाधान नियुक्तीची तारीख बघून मिळतं.

माजी बँकवाला
झालं सुरू. एनपीएसमध्ये, म्हणजे या नव्या पेन्शन योजनेत, सरकारही दरमहा भर घालतं, ते कुणी सांगत नाही. राजवाड्यासमोर फुगे विकणाऱ्याला कसलीच पेन्शन नाही आणि तो फुगेवाला साबण घेताना जो कर भरतो त्यातून तुम्हाला शेवटपर्यंत निम्मा पगार द्यायचा?

पागनीसपागा
आपण बँकेत कधी लागलात? 1 एप्रिल 2010 च्या आधी की नंतर?

माजी बँकवाला
त्याचा इथे काय संबंध?

पागनीसपागा
म्हणजे आधी, म्हणजे जुनी पेन्शन आहेच. बसा खाली.

माजी बँकवाला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
भाषा सांभाळा. मूळ विषय समाधान हा आहे.

साचेवाल्याचा मुलगा
समाधानी माणूस मी घरातच पाहिला आहे. वडील इथल्या एका गिरणीत होते. मामाने पिथमपूरला नव्या कारखान्यात चिकटवतो म्हणून दोनदा निरोप धाडला. वडील म्हणाले, दोन वेळचं मिळतंय, संध्याकाळी भजनाला जाता येतं, कशाला ऊर फोडायचा? मग गिरणी बंद पडली. वडील समाधानीच राहिले, रोज भजनाला जात राहिले. आई परदेशीपुऱ्यात घरोघरी पापड लाटायला जायची. मोठ्या बहिणीने दहावीनंतर शाळा सोडली आणि शिवणाचं मशीन घेतलं, त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. वडील गेले तेव्हा सगळे म्हणाले, काय शांत माणूस! बहीण काहीच बोलली नाही.

आकडेमोड
माहितीसाठी: इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या सुमारे 224 कोटींचा निकाल लागला डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या काळात कितीतरी कामगार गेले.

पागनीसपागा
हेच म्हणतो आहे. हक्काचं मागत राहावं लागतं. तेही 'हाव' म्हणूनच मोजणार का काका?

जुना इंदुरी
नाही. साचेवाल्याच्या मुला, तुझ्या वडिलांचं मी समर्थन करणार नाही. पण तुझ्या आईला विचार, भजन बंद केलं असतं तर गिरणी चालू राहिली असती का? गिरण्या मालकांनी आणि सरकारांनी बुडवल्या, भजन्यांनी नाही.

साचेवाल्याचा मुलगा
गिरणी नसती राहिली. पापड दोघांनी लाटले असते.

माळवी सून
सगळं वाचलं. समाधान म्हणजे एकतर पेन्शनरांची चैन नाहीतर नवऱ्यांचा आळस, असं ठरल्यासारखं दिसतंय, म्हणून लिहिते. मी पुण्याची. सीएच्या फायनलचा एक ग्रुप राहिला. पुन्हा पुन्हा बसले, राहिलाच. लग्न होऊन इंदुरात आले, इथेही बसले. मग एकदा फॉर्म भरायची तारीख आली आणि गेली, मी भरलाच नाही. आता सुदामानगरात घराच्या पुढच्या खोलीत छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करते. हप्ता आम्हीही भरतो. दुपारी तासभर झोपते, पाच वाजता लेकाबरोबर कॅरम. मला हे आवडतं. मनाची समजूत वगैरे घालत नाहीये, खरंच आवडतं. पण प्रत्येक मंगळागौरीला आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी दंड धरून विचारतंच, 'मग, फायनल कधी?' सुखी आहे म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत कीव दिसते. ही कीव करणारे सगळे पेन्शनवाले नाहीत, त्यात तुमच्या वयाच्या बायकाही आहेत, रात्रपाळीताई.

गराडू
पुणेकराने दुपारच्या झोपेचं श्रेय इंदूरला दिलं, नोंद घेतली आहे. ;)

रात्रपाळी
माळवी सून, तुमचं मान्य. तुम्ही ते स्वतःपुरतं लिहिलंत, लोकांना सराफ्यात पाठवलं नाहीत. आणि हो, कीव मीही केली असेल कुणाची तरी. मात्र उद्या तुमच्या दुकानदारांनी हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं तर कॅरम किती दिवस टिकेल, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. खोचक वाटलं तर वाटू दे.

माळवी सून
खोचकच वाटलं. घेतलंय त्यांनी सॉफ्टवेअर. त्यात चुकीच्या नोंदी करतात आणि त्या निस्तरायला माझ्याकडेच येतात.

जुना इंदुरी
ताई, एक विचारतो. डायलिसिस, फी, हप्ता, सगळं कबूल. पण ज्या दिवशी सुट्टी असते त्या संध्याकाळी तुम्ही काय करता?

रात्रपाळी
झोपते. आणि उठल्यावर सर्टिफिकेशनचा अभ्यास. ते नसेल तर पुढच्या यादीत माझं नाव असेल.

(बरं, मागच्या रविवारी अभ्यासाच्या नावाखाली फोनवर फ्लॅट बघत होते. आमच्याहून मोठे. हे काकांना आवडेल म्हणून लिहिते, पण म्हणून तुमचा लेख पटला असं नाही.)

जुना इंदुरी
एवढं पुरे मला.

आकडेमोड
पेन्शनवरचं एक राहिलं. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून यूपीएस, म्हणजे एकत्रित पेन्शन योजना, आणली आहे. 25 वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के. तेव्हा अगदीच अंधार नाही.

पागनीसपागा
केंद्र सरकारने! मी पागनीसपाग्यात राहतो, दिल्लीत नाही.

माजी बँकवाला
मिळालं तरी रडाल. जुनी पेन्शन दिली तर आठवा वेतन आयोग मागाल, आठवा दिला तर नववा. धाग्याच्या विषयाला धरूनच बोलतोय.

पागनीसपागा
तुमची पेन्शन अद्ययावत करा म्हणून तुमच्या निवृत्तांच्या संघटनाच निवेदनं देत फिरतात ना? त्या यादीतून स्वतःचं नाव काढून या, मग समाधानावर बोलू.

संपादक
पेन्शनसाठी वेगळा धागा काढा.

पागनीसपागा
काढतो. पण आधी साहेबांना विचारा, सही केली आहे का त्या निवेदनावर?

माजी बँकवाला
केली आहे. मग?