अथर्वच्या सूर्यमालेवरून ग्रुपवर झालेली चर्चा

अथर्वची आई (बी-203): अथर्वला सातवीत सूर्यमालेचं मॉडेल करायचंय. बाईंनी प्रश्न दिलाय, सूर्याजवळचे ग्रह लहान आणि दगडी, लांबचे मोठे आणि वायूचे, असं का? कुणी सांगाल का? परवा द्यायचंय.

पाटील काका: आम्हाला शाळेत शिकवलेलं, एक तारा सूर्याजवळनं गेला, सूर्याचा लचका तुटला आणि त्याचे ग्रह झाले.

कुलकर्णी सर: काका, मीही तेच शिकलो होतो. पण 1939 साली लायमन स्पिट्झर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं की सूर्यातून ओढलेला वायू इतका तापलेला असेल, की गोळा व्हायच्या आतच विरून जाईल.
आता मानतात ते असं. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी वायू-धुळीचा ढग स्वतःच्याच वजनानं आत कोसळला. 99 टक्क्यांहून जास्त माल सूर्यात गेला, उरलेला त्याच्याभोवती चकतीसारखा फिरत राहिला. पलंगाखाली झाडू पोचत नाही तिथं धूळ-केसांचे मऊ गोळे होतात ना? सुरुवात तशीच, कणाला कण चिकटून. पुढं गोळे डोंगराएवढे झाले की गुरुत्वाकर्षण कामाला लागतं.

अथर्वची आई: मग सगळे सारखेच का नाही झाले सर?

कुलकर्णी सर: आच! गुऱ्हाळात बघा, रस एकच. लवकर उतरवला तर काकवी, आणखी आटवला तर गूळ. ढगही एकच होता. सूर्याजवळ इतकी उष्णता की पाणी गोठेना. घट्ट राहिलं ते लोखंड आणि दगड, आणि हा माल मुळातच थोडा. म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ लहान. मंगळ आणि गुरूच्या मधे एक हद्द होती, तिच्यापलीकडं बर्फ टिकायचा. बर्फ भरपूर, त्यामुळं तिथल्या ग्रहांचे गाभे, म्हणजे आतले घट्ट गोळे, झपाट्यानं वाढले. पृथ्वीच्या दहापट वजनाच्या आसपास गेले की ते हायड्रोजन, हेलियम ओढायला लागतात. गुरूचं वजन आज पृथ्वीच्या 318 पट आहे.

शिंदे वहिनी: मग युरेनस, नेपच्यून गुरूएवढे का नाहीत?

कुलकर्णी सर: फार छान विचारलंत वहिनी. तिकडं माल विरळ, गाभा व्हायला उशीर. आणि अशा चकतीतला वायू साधारण एक कोटी वर्षांच्या आतच उडून जातो. त्यांच्या वाट्याला थोडाच आला.

आकाश (सी-304): सर, 2014 ला चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची अशीच चकती टिपली होती, एचएल टौरी. चकतीत गोल गोल रिकामे पट्टे दिसतात, बहुतेक तिथं ग्रह तयार होत असावेत. फोटो बघून अंगावर काटा आला होता.

पाटील काका: लई भारी. इतकी वर्षं चुकीचं धरून बसलो होतो.

कुलकर्णी सर: अथर्वला थर्माकोलचे एकसारखे गोळे नका देऊ. पृथ्वी म्हणजे एक मिरी धरा. शुक्रही मिरी, बुध मोहरी, गुरू चिकू, शनी लिंबू, युरेनस-नेपच्यून सुपाऱ्या. सूर्य मात्र अर्ध्या मीटरहून मोठा गोल. आणि अंतर खरं दाखवायचं तर सूर्यापासून मिरी 59 मीटरवर, चिकू 300 मीटरवर, शेवटची सुपारी पावणेदोन किलोमीटरवर!

अथर्वची आई: अंतर तक्त्यावर लिहायला सांगते. बाकी सगळं घरात आहे, सुपारी तेवढी नाही.

शिंदे वहिनी: आमच्या डब्यात आहेत, सकाळी पाठवा पोराला.