भाव बदलला की पडदा कोणी बदलायचा?

(नागपुरात ॲप बनवणाऱ्या तिघांची ही चर्चा. नावाऐवजी प्रत्येकाची वस्ती लिहिली आहे. पडदा म्हणजे ॲपचा स्क्रीन.)

धरमपेठ:
आंबिया बहाराच्या गर्दीत कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याचा फोन आला. "ताई, भाव बदलला, पण खालची रक्कम जुनीच दिसून राहिली." ॲप आमचंच. शेतकऱ्याच्या हातात चुकीचा आकडा जाता जाता राहिला, हे मला फार लागलं.

कारण शोधलं. त्या पडद्यावर भाव तीन वाटांनी बदलतो: अडत्या स्वतः टाकतो, सर्व्हरवरून येतो, किंवा संत्र्याची प्रतवारी बदलली की बदलतो. बदलायच्या जागा चार: भाव, वजनानुसार रक्कम, हमाली-तोलाई, निव्वळ देणं. प्रत्येक घटनेच्या कोडमधून आम्ही या चौघांना हाताने हलवत होतो. म्हणजे बारा धागे, आणि त्यातला एक बांधायचा राहिला.

माझं म्हणणं ठाम आहे. घटनेने फक्त माहिती बदलावी, पडद्याला हात लावू नये. पडद्याने माहितीकडे पाहून स्वतःला रंगवावं. मग तीन आणि चार मिळून सातच धागे उरतात. वेबचे पडदे बांधायचं साधन रिॲक्ट २०१३ पासून हेच सांगतं. फ्लटर, आयफोनचं स्विफ्टयूआय, अँड्रॉइडचं कंपोझ ही मोबाइलची साधनंही त्याच वाटेने गेली.

मानेवाडा:
ताई, पटलं नाही. 'रक्कम ताजी कर' असं एक फंक्शन लिहून तिन्ही ठिकाणांहून बोलावलं असतं तर काम झालं असतं. त्यासाठी अख्खी रचना काहून बदलायची?

मी २ जीबी रॅमच्या फोनवर काम करून राहिलो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्याची ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. आमच्या ३०० ओळींच्या यादीत एका गाडीचं वजन बदललं तरी आम्ही 'नोटिफायडेटासेटचेंज्ड' म्हणायचो, म्हणजे अख्खी यादीच बदलली असं सांगायचो. यादी झटके खायची. 'नोटिफायआयटमचेंज्ड' केलं, म्हणजे तेवढीच ओळ हलवली, आणि बोट ठेवलं की यादी सुरळीत सरकायला लागली. जे बदललं तेवढंच हलवा, एवढं साधं आहे.

धरमपेठ:
दादा, ते फंक्शन बोलावायला चौथ्या ठिकाणी नवा पोरगा विसरेल. आम्हीही विसरलोच ना.

आणि माहितीवरून रंगवणं म्हणजे सगळंच परत रंगवणं नव्हे. ज्या भागाला मिळालेली माहिती तीच आहे, तो भाग कंपोझ वगळू शकतं. यादीत प्रत्येक ओळीला कायमची ओळखखूण ('की') दिली पाहिजे, ही अट मात्र खरी. अँड्रॉइडची यादी दाखवायची जुनी पद्धत म्हणजे रिसायकलरव्ह्यू, त्यातही डिफयूटिल नावाचं साधन जुनी आणि नवी यादी ताडून पाहतं आणि फरक असलेल्या ओळीच हलवतं.

आता फोन आडवा करून पाहा. अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालू पडदा सांभाळणारा भाग, मोडून नव्याने उभी करतं. एडिटटेक्स्टमध्ये, म्हणजे लिहायच्या चौकटीत, टाइप केलेला भाव साधारणपणे टिकतो, पण तुम्ही कोडमधून साध्या टेक्स्टव्ह्यूत, म्हणजे नुसता मजकूर दाखवायच्या जागेत, लिहिलेली रक्कम जाते. भाव नवा, रक्कम कोरी.

मानेवाडा:
पडदा उभाच लॉक केला आहे आम्ही.

बर्डी:
लॉक करून सुटका नाही हो. सिस्टिमची भाषा बदलली, किंवा संध्याकाळी डार्क मोड आपोआप लागला, तरी ॲक्टिव्हिटी पुन्हा उभी राहते.

पण ताई, तुमच्याही बाजूत एक खड्डा आहे. आम्ही सगळंच लाइव्हडेटात, म्हणजे माहिती बदलली की पडद्याला कळवणाऱ्या डब्यात, टाकलं होतं, 'पावती सेव्ह झाली' हा संदेशसुद्धा. नवा ऑब्झर्व्हर (ती माहिती ऐकणारा) जोडला की लाइव्हडेटा शेवटची माहिती त्याला परत देतं. फोन आडवा झाला, संदेश दुसऱ्यांदा आला. अडत्याला वाटलं पावत्या दोन झाल्या. त्याने एक रद्द केली, आणि ती खरी, एकुलती एक होती. रक्कम ही अवस्था आहे, म्हणजे आत्ता काय आहे ते; संदेश ही घडून गेलेली गोष्ट आहे. दोन्ही एकाच डब्यात ठेवू नका.

सर्व्हरचा भाव मागच्या थ्रेडवर, म्हणजे ॲपमध्ये मागे चालणाऱ्या कामाच्या रांगेत, येतो आणि व्ह्यूला (पडद्यावरच्या घटकाला) हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा असतो, नाहीतर ॲप बंद पडतं. हाताने हलवायचं तर काम मुख्य थ्रेडवर पाठवणारं 'रनऑनयूआयथ्रेड' दर ठिकाणी आठवावं लागतं. म्हणून माझा कौल तरीही ताईंकडेच.

धरमपेठ:
संदेशाचं मान्य. आम्ही तो अवस्थेतच ठेवतो, पण दाखवून झाला की व्ह्यूमॉडेलला (पडद्याची माहिती सांभाळणाऱ्या भागाला) कळवून लगेच काढून टाकतो. काढायची ती ओळ राहिली तर तुमच्यासारखंच होणार, हे खरं.

मानेवाडा:
डार्क मोडचं ध्यानात नव्हतं, आजच तपासतो. नवा पडदा असेल तर ताईंच्या पद्धतीने लिहून पाहीन. पण चालू ॲपचे ४० जुने पडदे मी मोडणार नाही. त्यावर लोकांचा रोजचा हिशेब चालतो. आणि २ जीबीच्या फोनवर भाव टाइप करताना तुमचा पडदा अडकतो की नाही, हे मोजल्याशिवाय मी मानणार नाही.

धरमपेठ:
रास्त आहे. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, कंपोझ मुळातच हळू चालतं, म्हणून रिलीज बिल्ड (लोकांना देतो ती आवृत्ती) घेऊन शनिवारी कळमन्यात जाते. तुमचाच फोन द्या, त्याच्यावरच मोजू.