शाईचं सबस्क्रिप्शन रद्द केलं की भरलेली कार्ट्रिजही बंद? करार वगैरे ठीक, पण…

एडिसनकर:
कालच्या धाग्यावर 'नियमावली' यांनी लिहिलं, "सबस्क्रिप्शन रद्द केल्यावर प्रिंटर अडला म्हणून गळे काढणाऱ्यांनी आधी करार वाचावा." तिथे दोन ओळींत भागलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा.

करार वाचलाय हो. कार्ट्रिज कंपनी पाठवणार, आपण महिन्याला ठरावीक पानांचे पैसे भरायचे, मग पानावर एक ओळ असो की अख्खा फोटो. इथवर मान्य. पण बिलाचा महिना संपला आणि वायफायवरून काय हुकूम आला देव जाणे, हाताला चांगल्या जड लागणाऱ्या चारही कार्ट्रिज प्रिंटरने नाकारल्या. पोरीच्या शाळेचा फॉर्म छापायचा होता, आणि स्क्रीनवर 'पुन्हा नाव नोंदवा'! दुकानातून साधी काळी कार्ट्रिज आणून घातली तरी तेच. प्रिंटर माझ्या घरात, माझ्या पैशाचा, आणि परवानगी कंपनीची?

नियमावली:
तुम्ही पानं घेतलीत, शाई नाही. भाड्याचं घर सोडताना मालकाचा गीझर उचकटून नेता का?

नवी कार्ट्रिज चालत नाही हे दुखणं वेगळं. प्रिंटर वायफायवर ठेवून बंद-चालू करा, रद्द केल्याची नोंद त्याच्यापर्यंत पोचू दे. चिपवरची संरक्षक पट्टी काढलीत ना? सोनेरी पट्ट्यांना बोटं लागली असतील तर धागे न सुटणाऱ्या ओलसर कापडाने हलकेच पुसा. भारतातून बॅगेत घालून आणलेली असेल तर नाद सोडा, कार्ट्रिज आणि प्रिंटर यांचा विक्रीचा प्रदेश जुळत नाही.

एडिसनकर:
पट्टी काढली. इथल्याच, अमेरिकेतल्या दुकानातली आहे. पुढे?

तापकीर_गल्ली:
डॉलरवाल्यांचे प्रॉब्लेम वाचून करमणूक झाली 😄 आमच्याकडे पुण्यात पोऱ्या समोर बसून इंजेक्शनने कार्ट्रिज भरून देतो. आता तर तेही नको, इंक टँक घ्या, बाटली ओता, विषय संपला.

मंजिरी_नाशिक:
विषय संपत नाही. आईकडे टँकवालाच आहे. तिला छापायचं असतं वर्षातून चारदा. उन्हाळ्यात शाई सोडणारं हेड सुकून चोंदलं, पिवळा रंग गायब. हेड क्लीनिंग करून करून बाटलीतली शाई सगळी आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत. ते पॅड भरलं की मशीन आडवं पडतं, हे विकताना कोण सांगतं?

तापकीर_गल्ली:
आठवड्याला एक रंगीत पान काढायला सांगा आईंना. एवढं साधं आहे.

मंजिरी_नाशिक:
माझ्या आईने आठवड्याला काय छापावं ते तुम्ही ठरवणार? हप्ता कंपनीला नाही तर तुम्हाला!

टोनरबाबा:
भांडू नका. लेसर. टोनर म्हणजे कोरडी पावडर, सुकणार काय कपाळ? माझा काळा-पांढरा लेसर महिनोन्‌महिने झोपतो, उठवला की छापतो.

मंजिरी_नाशिक:
आणि गणपतीच्या आरत्यांवर रंगीत गणपती कुठून आणू?

टोनरबाबा:
काळ्या-पांढऱ्या आरतीने बाप्पा कोपत नाही.

वकीलीण:
मूळ मुद्द्यावर येते. 2017 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकली की कंपनीचा तिच्यावरचा पेटंट हक्क संपला, रिफिल करणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येत नाही. पण तो निकाल विकलेल्या मालाचा. एडिसनकरांना ती विकलेलीच नाही. शिवाय पेटंट हरलं तरी कार्ट्रिज अडवायला चिप आणि फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहेतच.

एडिसनकर:
व्वा. म्हणजे मी त्यांच्या शाईचा फुकट गोदामवाला. धन्यवाद!

नियमावली:
एक विचारतो. काळी बदललीत, बाकीच्या तीन?

एडिसनकर:
त्या सबस्क्रिप्शनच्याच आहेत. काळा फॉर्म छापायचाय, रंगीत कशाला घेऊ?

नियमावली:
तिथेच घोडं अडलंय. त्यांची एक जरी कार्ट्रिज आत असली तरी प्रिंटर काळंसुद्धा छापत नाही. चारही साध्या घालाव्या लागतात.

एडिसनकर:
आणि हे कराराच्या कोणत्या पानावर ठळक लिहिलंय, नियमावलीसाहेब?

नियमावली:
ठळक नाही. बरं, एवढ्यापुरतं तुमचं खरं. खूश?

एडिसनकर:
ऐतिहासिक क्षण! तीन रंगीत कार्ट्रिजच्या किमतीत थोडीच भर घालून साधा लेसर येतोय. टोनरबाबा, मॉडेल कळवा. फॉर्म उद्या लायब्ररीत छापतो.

तापकीर_गल्ली:
टँक घ्या हो, ऐका माझं.

मंजिरी_नाशिक:
घेऊ नका.