पाच सीझन झाले, पब्लिक लँडवर (सरकारी जंगलात) बोने, म्हणजे धनुष्याने, एकही हरीण नाही. वॉटरलूमध्ये कोणी जातं का?

कँटनकर

नमस्कार मंडळी. मी कँटन, मिशिगनला राहतो, गाव सातारा जिल्ह्यातलं. इथे आपल्यातले शिकार करणारे फार भेटत नाहीत म्हणून इथेच विचारतोय. ऑफिसमधल्या एका मित्रामुळे बो हंटिंगची आवड लागली, तेव्हा मी व्हिसावर होतो आणि बंदुकीच्या नियमात अडकायचं नव्हतं म्हणून कंपाउंड बो घेतला, हंटर सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून दर वर्षी १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर जमेल तेवढ्या वेळा वॉटरलू रिक्रिएशन एरियात जातो.

पाच वर्षं झाली. एकही बाण सोडलेला नाही. हरणं दिसली नाहीत असं नाही, पण दिसली तेव्हा एकतर अंधार पडत आलेला असतो किंवा ती माझ्या आधीच मला ओळखून फुर्रर्र करून शेपटी उभी करून पळतात.

माझी जागा सांगतो. पार्किंगपासून पूर्वेला अर्धा पाऊण मैल चालत जातो, तिथे ओकची झाडं असलेला उंचवटा आहे, उत्तर दक्षिण पसरलेला, आणि त्याच्या पूर्वेला खाली मोठी दलदल आहे, कॅटटेल (पाणकणीस) आणि झुडपं. हरणं दलदलीतून ओककडे एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, खायला वर येतात, पायवाट स्पष्ट दिसते, लेंड्या आहेत, खुरांचे ठसे आहेत, त्यामुळे जागा चुकीची आहे असं वाटत नाही. मी उंचवट्याच्या कडेला ट्रीस्टँड, म्हणजे झाडावर बसायचं मचाण, लावतो आणि बहुतेक संध्याकाळीच बसतो कारण ऑफिस. वारा ॲपवर बघतो, उत्तरेचा असेल तरच जातो म्हणजे वास दक्षिणेला जाईल, दलदलीकडे नाही. कपडे वेगळे धुतो, साबण बिनवासाचा. अंगणात २० आणि ३० यार्डवर नेम चांगला बसतो.

प्रायव्हेट जमीन माझ्याकडे नाही, लीजवर घ्यायची ऐपतही नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही, हे जंगल सगळ्यांचं आहे आणि मला इथेच शिकायचंय. मुलगी आठ वर्षांची आहे, दर शनिवारी रात्री विचारते, बाबा आज दिसलं का. काय चुकतंय ते कोणी सांगेल का?

लॅन्सिंगवाला

मित्रा, तुझं वर्णन वाचून मला माझीच पहिली सहा वर्षं आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी जागा चुकीची नाही, तू तिच्या चुकीच्या टोकाला बसतोस. ॲपमधला वारा हा मोकळ्या जागेतला वारा असतो, जंगलात उतारावर संध्याकाळी काय होतं ते ॲपला कळत नाही. तू सातारचा आहेस म्हणतोस, मग गावाकडे थंडीत संध्याकाळी चुलीचा धूर बघितला असशील, दिवस मावळला की तो वर जात नाही, उताराने खाली सरकत ओढ्याच्या अंगाला जाऊन बसतो. तसाच तुझा वास. सूर्य खाली गेला की वारा पडतो, उंचवट्यावरची हवा थंड होऊन जड होते आणि दलदलीत उतरते, आणि हरणं नेमकी तिथे बसलेली असतात. उजेड संपायच्या शेवटच्या तासात, म्हणजे त्यांची उठायची वेळ होते तेव्हा, तू वरून त्यांच्यावर वास ओततोयस. बिनवासाच्या साबणाने हे थांबत नाही. ती उजेडात वर येत नाहीत कारण त्यांना तू तिथे आहेस हे माहीत असतं. सकाळी उलटं होतं, ऊन पडून जमीन तापली की हवा वर चढायला लागते, पण त्याच्या आधी पहाटे ती खालीच वाहत असते.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सहाव्या वर्षी एकदा बो न घेता गेलो आणि खिशात मिल्कवीडची बोंडं घेऊन बसलो. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातली, बोंड फोडलं की आत तशीच म्हातारी असते जिच्यामागे आपण लहानपणी पळायचो. एकेक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत राहायचं. वारा बघायची पावडरची बाटली दहा फुटांपर्यंतचंच सांगते, म्हातारी शंभर यार्ड दिसत राहते. साडेपाचपर्यंत माझ्या म्हाताऱ्या दक्षिणेला जात होत्या, अगदी ॲपप्रमाणे, आणि सहानंतर एकेक करून सगळ्या वळल्या आणि उताराने खाली झुडपात जाऊन थांबल्या. जिथे थांबल्या तिथूनच थोड्या वेळाने फुर्रर्र आलं. मी स्टँडवर बसून राहिलो होतो, सहा वर्षं काय झालं ते त्या दहा मिनिटांत कळलं.

म्हणून माझा सल्ला असा की उंचवटा सोड आणि खाली ये. नकाशावर बघ, दलदलीत शिरणारी जमिनीची एखादी जीभ असेल, तिच्या टोकाला चढण्यासारखं झाड, आणि झाडाच्या मागे पूर्वेला उघडं पाणी. तिथे पश्चिमेच्या किंवा वायव्येच्या वाऱ्यात बसायचं. हरणं पहाटे ओककडून परत दलदलीत येतील तेव्हा तुझा वास मागे पाण्यावर जाईल, आणि संध्याकाळी उतरणारी हवासुद्धा तुला ओलांडून पाण्यावरच जाईल. तिथे पोचायचं पार्किंगच्या बाजूने नाही, पूर्वेकडच्या रस्त्यावरून, वेडर्स (पाण्यात चालायची उंच बूटपँट) घालून पाण्यातून. त्रास होतो, अंधारात भीतीही वाटते, पण पाण्यात पायांचा वास राहत नाही आणि तिकडून माणूस येतो अशी त्या हरणांना सवयच नसते. आधी उन्हाळ्यात दिवसाउजेडी तो रस्ता चालून ठेव, दलदल कुठे खोल आहे ते माहीत असल्याशिवाय अंधारात पाय टाकू नकोस.

सातव्या वर्षी अशाच जागी पहिला बक, म्हणजे नर, मिळाला, छोटा होता, शिंगांना सहा टोकं. त्या दिवशी बाकी काहीच वेगळं केलं नव्हतं, फक्त बसायची बाजू बदलली होती.

जंगलवेडी

लॅन्सिंगवाल्यांशी सहमत. मी पेनसिल्व्हेनियात असते, इथे स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनी, साधारण १५ लाख एकर आहेत, तरी सगळी माणसं पार्किंगपासून पहिल्या अर्ध्या मैलात दाटीने बसलेली असतात. त्यामुळे मी आधी माणसांचा माग काढते आणि मग हरणांचा. कुठे स्टँड टांगलेत, कुठे रिबिनी बांधल्यात, कुठून बूट गेलेत, ते सगळं नकाशावर टाकलं की जी भोकं उरतात तिथे हरणं असतात, आणि ती नेहमी लांबच असतात असं नाही. मला एक डो, म्हणजे मादी, रस्त्यापासून दोनशे यार्डवर मिळाली आहे, कारण मधे घाणेरडी काटेरी झाडी होती आणि सगळे तिला वळसा घालून पुढे जायचे.

शोधायला मार्चमध्ये जा. बर्फ वितळलेला असतो, पानं नसतात, मागच्या सीझनच्या वाटा आणि झाडांवर शिंगं घासलेल्या खुणा स्पष्ट दिसतात, आणि तुम्ही हरणं उठवलीत तरी ऑक्टोबरपर्यंत ती विसरतात. दलदलीतल्या थोड्या उंच कोरड्या जागा चालून बघा, तिथे अंडाकृती दबलेलं गवत दिसेल, तिथे ती दिवसा बसून रवंथ करतात. नुसत्या ओकवर भरवसा ठेवू नका. व्हाइट ओकची पानं गोल कडांची आणि रेड ओकची टोकदार, व्हाइट ओकचं एकॉर्न कमी तुरट असतं म्हणून ते पडलं की हरणं आधी त्यावर जातात आणि संपलं की ती जागा सोडतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली वाट शेवटच्या आठवड्यात ओस पडलेली असू शकते. लेंड्या ताज्या आहेत का ते दर वेळी बघायचं, मागच्या महिन्यातल्या खुणांवर बसून काही होत नाही.

आणि एकाच झाडावर दर शनिवारी बसू नका हो!! पहिली बैठक सगळ्यात चांगली असते. मी वर्षाला फार तर दोनदा एका झाडावर बसते, म्हणूनच जड स्टँड सोडून सॅडल (झाडाला लटकून बसायचा पट्टा) घेतलं, चढायच्या स्टिक्ससकट पाठीवर मावतं.

सुट्टी घ्यायची असेल तर ऑक्टोबरमध्ये उधळू नका, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ठेवा. रट म्हणजे हरणांच्या माजाचा काळ असतो, बक दिवसभर डो शोधत फिरतात. आणि सकाळी दहाला उतरू नका, सगळे जेवायला परत जातात तेव्हा अकरा ते एकमध्ये जंगल शांत होतं आणि तेव्हाच हालचाल होते. मी पोळीभाजीचा रोल खिशात घेऊन बसते.

कँटनकर

दोघांचे खूप आभार. दोन दिवस हाच विचार डोक्यात आहे. परवा संध्याकाळी मिल्कवीड घेऊन गेलो, ट्रेलच्या कडेलाच मिळालं, आणि अगदी तेच झालं, सूर्य गेल्यावर म्हातारी वळून सरळ दलदलीत. पाच वर्षं!! नकाशावर एक जीभ सापडली आहे, टोकाला रेड मेपलची तीन चार झाडं आणि मागे पाणी. पूर्वेच्या बाजूने गुडघ्यापर्यंत पाणी आहे, दिवसा चालून बघितलं.

आता एक भीती उरली आहे. समोर आलंच तर? जखमी करून हरवलं तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

सह्याद्री_ते_ओहायो

ही भीती आहे ते चांगलं आहे, ती जाऊ देऊ नका. मी साठीतला माणूस, माझे आजोबा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी परवाना काढून रानडुकराला जायचे, ते म्हणायचे की वारा तोंडावर घ्यावा आणि हात घाईवर जाऊ देऊ नये. आपल्याकडे आता शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, तिथे जंगलं आणि जनावरं उरली किती. इथे परिस्थिती वेगळी आहे, लांडगे आणि कुगर (पुमा) माणसाने बहुतेक भागातून संपवले, हरणं वाढली, आणि बोवर ११ टक्के फेडरल कर असतो तो पिटमन रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो.

आता नेम. हरीण आडवं उभं असेल किंवा थोडं पलीकडे वळलेलं असेल तरच सोडायचा. तुमच्याकडे तोंड करून असेल तर कितीही जवळ असो, थांबायचं. वीस यार्डच्या पुढे पहिल्या वेळी जाऊच नका. त्याचं डोकं झाडामागे जाईल तेव्हा बो ओढायचा, चालत असेल तर तोंडाने हळूच मॅऽ असा आवाज काढायचा, थबकतं. झाडावरून मारताना फक्त हात खाली करायचा नाही, कमरेतून वाकायचं, नाहीतर बाण वरून जातो. सरावसुद्धा उंचीवरून करा आणि जे ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं धारदार टोक) लावणार तेच लावून करा, सरावाच्या साध्या टोकाला, म्हणजे फील्ड पॉइंटला, बसणारा नेम ब्रॉडहेडला बसेलच असं नाही.

बाण लागला की लगेच उतरू नका. शेवटचं कुठे दिसलं ते एखाद्या झाडाच्या खुणेने मनात पक्कं करा, घड्याळ बघा, मग बाण शोधा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुसात लागलाय, अर्धा तास पुरे. गडद तांबडं असेल तर बहुतेक यकृत, चार ते सहा तास थांबायचं. बाणावर हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय, मग आठ बारा तास त्या दिशेला फिरकायचंसुद्धा नाही, कारण उठवलं तर ते मैलभर जाऊन मरतं आणि सापडत नाही. माग हरवला तर लीशवर कुत्रा घेऊन माग काढणारे लोक असतात, युनायटेड ब्लड ट्रॅकर्सकडे राज्यानुसार यादी मिळते, फोन करायला लाजू नका.

आणि हार्नेस, म्हणजे झाडाला बांधून ठेवणारा पट्टा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत बांधलेला पाहिजे. बो हंटिंगमध्ये माणसं झाडावरून पडून जायबंदी होतात. घरी मुलगी वाट बघते ना.

कँटनकर

मंडळी, मिळाली. डो.

नोव्हेंबरचा पहिला रविवार, वायव्येचा वारा, रात्री थंडी वाढली होती. पहाटे साडेपाचला पूर्वेकडून पाण्यातून गेलो, वेडर्समध्ये एका ठिकाणी पाणी शिरलं, पाय दिवसभर बधिर होते. उजाडल्यावर एक छोटा बक ओककडून आला पण झाडीतून बाहेरच आला नाही. नऊला सगळं शांत. पश्चिमेला पार्किंगकडे गाड्यांची दारं वाजलेली ऐकू आली, तेव्हा खाली उतरायचा फार मोह झाला, पण तुमचं अकरा ते एक आठवलं. पावणेबाराला ती एकटीच आली, जिभेच्या कडेने, वाकून पानं हुंगत. माझ्या म्हाताऱ्या मागे पाण्यावर जात होत्या. सतरा यार्ड. तिचं डोकं मेपलमागे गेलं तेव्हा बो ओढला, हात इतका थरथरत होता की बोवरची नेम धरायची पिन स्थिर व्हायला वेळ लागला, पण ती आडवी थांबली आणि मी सोडला.

बाणावर गुलाबी फेस होता. तरी पाऊण तास बसून राहिलो, काकांचं ऐकून. ऐंशी पावलांवर पडली होती. तिच्याजवळ जाऊन बसलो, मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. काय वाटलं ते लिहिता येत नाहीये, आनंद होता पण डोळ्यांत पाणीही होतं, आणि बराच वेळ मी उठलो नाही. मग टॅग लावला, साफ केली, डीएनआरच्या (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या) साइटवर नोंद केली, ७२ तासांत करावी लागते. पाण्यातून ओढून आणायला स्लेड होती म्हणून बरं, तरी दोन तास लागले.

मुलगी दारात उभी होती. तिने फार काही विचारलं नाही, फक्त हात लावू का म्हणाली.

आता मांस गॅरेजमध्ये कूलरमध्ये बर्फावर आहे. पहिल्यांदाच आहे, शिजवायचं कसं? मटणासारखंच का?

जंगलवेडी

अभिनंदन!!! वाचताना माझ्याही अंगावर काटा आला.

बर्फाचं पाणी मांसाला लागू देऊ नका, कूलरचं बूच उघडं ठेवा, आणि दोन तीन दिवस थंडच राहू दे, मऊ होतं. वरची पांढरी चरबी आणि पापुद्रे सगळे काढा, मटणाची चरबी चव देते तशी ही देत नाही, मेणासारखी टाळूला चिकटते. डोकं सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या) तपासणीला देऊन या, मिशिगनमध्ये २०१५ पासून तो रोग सापडतोय, रिझल्ट येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. रिझल्ट चांगला आला की मांडीचे तुकडे आलं लसूण दही लावून रात्रभर ठेवा आणि तांबडा रस्सा करा, तेल मटणापेक्षा जास्त लागेल कारण मांसात स्वतःचं काहीच नसतं. खांद्याचा खिमा. पाठीची लांब पट्टी मात्र रश्श्यात घालू नका, तव्यावर तुपात दोन दोन मिनिटं, वर मीठ मिरपूड, आत गुलाबी असतानाच काढा, पहिला तुकडा मुलीला द्या.